नुसतं ओतून नको, घासून घ्या

आठवड्यातून एकदा पिंप रिकामं केलं की डेंग्यूच्या डासाचा प्रश्न मिटला, असं म्हटलं जातं. रिकामं करायलाच हवं, पण तेवढ्याने भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्टाय या डासाची मादी अंडी बहुधा थेट पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर खडबडीत कडेला चिकटवते. तीही सगळी एका जागी नाही, थोडी पिंपात, थोडी कुंडीखालच्या ताटलीत. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तगतात आणि पाणी चढलं की फुटतात.

आमच्या गच्चीवरची सिमेंटची टाकी उन्हाळाभर कोरडी होती. पहिल्या पावसाने भरली आणि तिसऱ्या दिवशी तिच्यात अळ्या वळवळत होत्या! तेव्हापासून काथ्याने कडा खसाखसा घासतो, ते पाणी कोरड्या मातीवर ओततो.