रेडिओग्राफीचं क्लिनिकल पोस्टिंग सुरू होतंय, काय शिकून घेऊ?

मोगरा_परभणी
नमस्कार. बीपीएमटी (पॅरामेडिकल पदवी) रेडिओग्राफी, दुसरं वर्ष, सरकारी मेडिकल कॉलेज. सोमवारपासून एक्स-रे विभागात पोस्टिंग आहे. सीनियर म्हणतात की पहिले दोन महिने पेशंट आत-बाहेर करायचे आणि रजिस्टर लिहायचं, मशीनला कुणी हात लावू देत नाही. फिजिक्सला मार्क बरे आहेत, पण केव्हीपी (किरणांची भेदकता ठरवणारा व्होल्टेज) आणि एमएएसचा (किरणांचं प्रमाण) मेळ प्रत्यक्षात कसा बसवतात ते डोक्यात शिरत नाही. सोबत काय ठेवू? पोझिशनिंगचे व्हिडिओ बघू का? आणि टेक्निशियन काकांना न चिडवता शिकायचं कसं?

पक्याभाऊ
खिशात मावेल अशी वही आणि उजवी-डावी बाजू दाखवणाऱ्या आर-एल शिशाच्या मार्करची स्वतःची जोडी. नंतर कॉम्प्युटरवर आर टाकू, ही सवय लागू देऊ नकोस. इंटर्नशिपला असताना मी एका डाव्या घोट्यावर आर टाकून मोकळा झालो होतो. ऑर्थोच्या रेसिडेंटने पेशंटचा सुजलेला पाय बघितला म्हणून निभावलं.
व्हिडिओ बघ, पण घरच्या माणसांना उभं करून सराव कर. माझ्या धाकट्या भावाची पन्नास वेळा तरी चेस्ट पीए (छातीचा, पाठीकडून पुढे किरण जाणारा एक्स-रे) झाली असेल, विनाएक्स-रे.

जुना_डार्करूमवाला
मशीनला हात लावू देत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस. बटण दाबायला चार दिवसांत येतं. शिकायचं ते रिजेक्ट झालेल्या इमेजमधून. आमच्या वेळी बिघडलेली फिल्म टोपलीत पडायची आणि सगळ्यांना दिसायची. आता डिलीट केलं की संपलं, पेशंटला दुसऱ्यांदा डोस गेला हे कुणाच्या लक्षातही येत नाही. काकांना सांग, "रिपीट झालेला एक्स-रे पुसायच्या आधी मला दाखवा." या विनंतीवर सहसा कुणी चिडत नाही. वहीत लिही: काय मागितलं होतं, काय चुकलं, दुसऱ्या वेळी काय बदललं.

चेस्ट पीएचंच बघ. गावाकडची आजी येते. हनुवटी वर, हातांची मागची बाजू कमरेवर, कोपरं पुढे ढकललेली, म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला जातात. एवढं सगळं जमतं आणि वेणी पुढे राहते. फुप्फुसाच्या टोकावर तिची सावली पडली की वाचणारा टीबी शोधत बसतो. मंगळसूत्र काढायला पुष्कळ जणी तयार नसतात. हुज्जत घालू नकोस. आम्ही वर ओढून दातांत धरायला सांगतो. मग "श्वास घ्या" म्हटलं की आजी नुसते खांदे उचलते. म्हणून पहिला श्वास सोडून द्यायला लाव आणि दुसरा पोटापासून भरून घ्यायला सांग, तो रोखल्यावरच एक्स्पोजर. इमेजवर मागच्या दहा फासळ्या मोज, दोन्ही गळपट्टीच्या हाडांची आतली टोकं कण्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघ.

मेळाचं म्हणशील तर ढोबळ हिशेब: 70 वरून 80 केव्हीपीवर गेलीस तर एमएएस निम्म्यावर आण. आयसीयूत ट्यूब 100 ऐवजी 130 सेंमीवर ठेवून घ्यावं लागलं तर एमएएस जवळजवळ 1.7 पट लागतो. डीआरवर (डिजिटल एक्स-रे) एक्स्पोजर कमी पडलं तर दाणे दिसतात, जास्त पडलं तर इमेज उलट छानच दिसते. त्यामुळे सगळे हळूहळू वाढवत जातात. स्क्रीनवरचा एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरवर किती किरण पडले त्याचा आकडा, रोज वाच.

शमा
एक राहिलंच. लहान मूल धरायला विद्यार्थ्यांना पुढे करतात. तू धरू नकोस. शिशाचा ॲप्रन घालून नातेवाईक धरतील, आई धरणार असेल तर ती गरोदर नाही ना हे आधी विचार. आणि अंगावर पडलेला डोस मोजणारा टीएलडी बॅज माग. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) कर्मचाऱ्यांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलीसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. बॅजच नसेल तर तुझा आकडा कळणार कसा? तो छातीशी, ॲप्रनच्या आत लावायचा. ॲप्रनला लावून तिथेच टांगून घरी जाणारे महाभाग मी पाहिलेत. तीन महिन्यांनी जो डोस येतो तो त्यांच्या ॲप्रनचा!

मोगरा_परभणी
ताई, बॅजचं विचारलं. ऑफिसमध्ये म्हणाले, विद्यार्थ्यांना लागत नाही.

शमा
तोंडी विचारलंस म्हणून. विभागाच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या नावे दोन ओळींचा अर्ज कर, खाली सगळ्या बॅचच्या सह्या घे. पोच घ्यायला विसरू नकोस.

शेफील्डकर
मी इंग्लंडमध्ये, इथल्या एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. इथे "तुम्ही सुनीता पाटील ना?" असं विचारायचं नाही, कारण घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव, जन्मतारीख, पत्ता पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचा.

जुना_डार्करूमवाला
बरोबर. पण आमच्या आजींना जन्मतारीख ठाऊक नसते हो, आधार कार्डावर सगळ्या 1 जानेवारीच्या. गाव विचारा, आणि काय दुखतंय ते विचारा. फॉर्मवर छाती आणि आजी गुडघा दाखवतेय, की थांबायचं.

मोगरा_परभणी
पहिला दिवस झाला. रजिस्टरच लिहिलं. पण काकांनी दिवसभरातले 9 रिजेक्ट दाखवले, त्यात 2 वेण्या! आणि एका मानेच्या लॅटरलला (बाजूने घेतलेला एक्स-रे) सी7, म्हणजे मानेचा सातवा मणका, दिसत नव्हता म्हणून तीनदा घेतला. जाड, रुंद खांद्यांचे गृहस्थ होते. अशा वेळी खांदे खाली आणायला काय करता?

पक्याभाऊ
दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दे, आणि श्वास घ्यायला नाही, पूर्ण सोडायला सांग. खांदे आपोआप उतरतात. अपघाताचा पेशंट असेल तर मात्र वजन नाही, ओढाओढ नाही. मानेची कॉलर तशीच ठेव, डॉक्टरांना विचार, ते म्हणाले तर स्विमर्स व्ह्यू (एक हात वर, एक खाली ठेवून घेतलेला).