५ मिमी पत्रा बेंड करताना तडकतोय, चूक मालाची की आमची?

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. यंत्रमागावर सुताची बीम ज्यावर बसते ते ब्रॅकेट आम्ही करतो. ५ मिमीचा एचआर (गरम लाटलेला) पत्रा, ९० अंशांत एकच बेंड. वडिलांपासून हेच काम, कधी अडलं नव्हतं.

या खेपेला ६० नगांपैकी १४ नगांना बेंडच्या बाहेरच्या अंगाला तडे गेलेत. बरेचसे केसासारखे, पण दोन नगांत नख जातं. व्यापारी म्हणतो, माल मिलचा आहे, तुमचं मशीन बघा. पंच (वरून दाबणारं हत्यार) तोच, डाय (खालचा व्ही खाचेचा साचा) तीच, ३२ मिमी रुंद खाचेची. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं तर भलत्याच जाडीचं आलं. पत्र्यावर हीट नंबर (मिलमधल्या ओतीचा क्रमांक) नाही आणि बिलावर नुसतं 'एमएस पत्रा' (साधं पोलाद), मग पडताळायचं कशाशी?

एक गोष्ट मनात घोळतेय. पत्रा वाया जाऊ नये म्हणून या वेळी काही पट्ट्या लांबीत आणि काही आडव्या कापल्या. नंतर सगळ्या एकाच ढिगात गेल्या, त्यामुळे तडकल्या त्या कुठल्या, हे सांगता येत नाही.

तड्यावर वेल्डिंग मारून ग्राइंड करा, कुणाला दिसणार नाही, असंही सुचवलं गेलं. ते मी करणार नाही. वर भरलेली बीम असते आणि शेजारी विणकर उभा असतो.

शनिवारी बदली नग द्यायचे आहेत. कारण कसं शोधू? आणि पुढच्या वेळी बिलावर काय लिहून घेऊ?

प्रतिसाद:
दादा, त्याच पत्र्यातून एक पट्टी लांबीत आणि एक आडवी कापा, दोन्ही एकाच डायवर वाकवा. अख्ख्या पत्र्याची लांब बाजू ही लाटण्याची दिशा. बेंडची रेघ त्या दिशेला समांतर आली, जशी आडव्या पट्टीत येते, की तडा लवकर जातो. शिअरिंगची बर (कापताना कडेला राहिलेली धारदार कोर) घासून काढा, बर असलेली बाजू बेंडच्या आत ठेवा. डाय जाडीच्या आठपट, म्हणजे ४० ची घ्या, ३२ मध्ये वळण फार टोकदार येतं. बिलावर 'आयएस २०६२ ई२५०' (पोलादाचं भारतीय मानक आणि ग्रेड) आणि हीट नंबर लिहून घ्या. सर्टिफिकेटवर इलाँगेशन (तुटण्याआधी किती ताणतं ते) किमान २३ टक्के हवं.

धागाकर्ता:
वाकवून बघितल्या. आडवी तडकली, लांबीतली कोरी राहिली. शेजारच्या शेडमधून ४० ची डाय आणतोय आणि आता सगळे नग लांबीतच कापतोय. पण सर्टिफिकेटचा तगादा सोडत नाही. सुटा तुकडा तपासून देणारी लॅब सोलापुरात कुणाला माहीत आहे का?