आमच्या बाबांचे रविवार

बाबांना जाऊन येत्या श्रावणात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे जमतीलच, पण त्या दिवशी बोलणं कुठे होतं? पंगतीत कोण बसलं, कोण राहिलं यातच दुपार निघून जाते. म्हणून म्हटलं, आधीच लिहून ठेवा. डोंगरातली, घरातली, भांडणाची, कुठलीही आठवण चालेल. फक्त "देवमाणूस होते" असं लिहू नका, त्यांनाच हसू आलं असतं.

सुरुवात मी करते. चौथीत असताना बाबांनी मला रामशेजला नेलं. नाशिकरोडहून सिटी बसने सीबीएस बसस्थानक, तिथून एसटीने आशेवाडी. किल्ला बुटका, पण मी वाटेत तीनदा बसले. दर वेळी बाबाही शेजारी बसले आणि खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला. पुढे गेलेली मुलं वरून ओरडत होती. मला रडू यायला लागलं, तेव्हा म्हणाले, "संभाजीमहाराजांच्या काळात मोगलांना हा किल्ला घ्यायला पाच वर्षांच्या वर लागली. तुला दीड तास लागला तर काय बिघडलं?"

प्रेसमधला मित्र

वहिनींची माफी मागून लिहितो, कारण निम्मे रविवार मीच पळवलेत. मी आणि दादा, म्हणजे तुमचे बाबा, नोट प्रेसला एकाच शिफ्टला. दिवसभर डोळ्यांसमोर नोटा आणि खिशात बसभाड्यापुरते पैसे! शनिवारी शिफ्ट सुटली की दादा एवढंच विचारायचा, "उद्या कुठं?"

हरिहर किल्ला मी विसरणार नाही. निरगुडपाड्याकडून चढलो. त्या पायऱ्या फोटोत सगळ्यांनी पाहिल्यात. उभ्या कातळात खोदलेल्या, धरायला दोन्हीकडे खोबण्या. चढताना काही वाटलं नाही. उतरताना खाली नजर गेली आणि माझे पाय लटपटायला लागले. 1818 साली इंग्रजांनी आपल्याकडच्या कितीतरी किल्ल्यांच्या वाटा तोडल्या, या मात्र सोडल्या. का सोडल्या, म्हणून मी तिथे उभा राहून त्यांना शिव्या घालत होतो. दादा काही बोलला नाही. माझ्या खालच्या पायरीवर गेला, कातळाकडे तोंड करून उभा राहिला आणि माझा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवत गेला. शेवटपर्यंत. मागे वीसेक पोरं खोळंबली होती. त्यांतल्या एकाने आवाज दिला, "काका, लवकर!" दादा म्हणाला, "आमचं सामान नाजूक आहे."

घरी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नाही, हे आता कळतंय.

धाकटा

मला चढायला आवडत नाही. लहानपणीही नाही आवडलं. बाबांनी एकदाही जबरदस्ती केली नाही, पण मला वाटायचं की ते नाराज असतील. मग एका डिसेंबरात म्हणाले, "चल, आज चढायचं नाही, बसायचं." नांदूरमध्यमेश्वरला गेलो. पहाटेची थंडी, थर्मासमधला चहा, कडवा आणि गोदावरीच्या संगमावरचं ते पसरट पाणी. चक्रवाक, थापट्या, शेकाटे. दुर्बीण माझ्याकडे देऊन ते वहीत लिहीत बसले. पक्ष्यांची नावं मी सांगायची, चुकलं तरी तेच लिहायचे. ती वही माझ्याकडे आहे, चुकांसकट.

जानेवारी 2020 मध्ये नांदूरमध्यमेश्वर रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रातलं पहिलंच. बाबांनी सोसायटीत पेढे वाटले, लोकांना वाटलं माझं लग्न ठरलं. दोन काकू तर मुलगी कुठली, हेही विचारून गेल्या.

सून

मी मुंबईची, डोंगर म्हणजे लोकलच्या खिडकीतून दिसणारा. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात बाबा म्हणाले, अंजनेरीला एक फूल दाखवतो. धुक्यात, चिखलात, दोनदा आपटून पोहोचले. बाबा गवतात गुडघे टेकून बसले आणि बोटाने दाखवलं. कंदिलासारखं, बोटभर फूल. अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची जात. खरं सांगते, त्या क्षणी मनात आलं, एवढ्यासाठी? पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. फोटो काढू दिला, जागा मात्र कोणाला सांगू नकोस म्हणाले. आजही सांगत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

पुतण्या

कळसूबाई, 1646 मीटर. शेवटच्या शिडीशी काकांनी मला पुढे काढलं आणि म्हणाले, तू आधी जा, महाराष्ट्रात सगळ्यांत वर कोण ते मला खालून बघू दे. बास, एवढंच. जास्त लिहिता येत नाही मला.

नात, इयत्ता तिसरी (आईने लिहून दिलं)

आबांनी मला एक काळा पक्षी दाखवला. त्याच्या कपाळावर पांढरा टिळा होता. त्याचं नाव वारकरी. मी विचारलं, मग विठ्ठल कुठे आहे? आबा म्हणाले, तोच बघतोय दुर्बिणीतून.

आई

सगळ्यांनी छान छान लिहिलंय. आता माझं ऐका.

मोठीचा दहावीचा निकाल होता, त्या दिवशी हे साल्हेरवर. मोबाईल नव्हते. पोरीला चांगले मार्क पडले, गल्लीत पेढे मी वाटले. रात्री अकराला आले ते हातात डाळिंबांची पिशवी घेऊन आणि निकाल पार विसरून. दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला सायकल घेऊन दिली आणि मला म्हणाले, "तुला काय आणू?" मी म्हटलं, एक रविवार. पुढचा रविवार खरंच घरी बसले. दुपारपर्यंत तीनदा गच्चीवर जाऊन पांडवलेण्याच्या डोंगराकडे बघून आले. चार वाजता मीच म्हटलं, चला. दोघं अर्ध्या पायऱ्यांपर्यंत गेलो. माझा गुडघा तेव्हापासूनच दुखतोय. यांनी कधी पुढे चल म्हटलं नाही, तेवढ्या पायऱ्यांवरच बसून भेळ खाल्ली.

सॅक अजून दारामागे लटकलीय. बाजूच्या कप्प्यात खडीसाखरेची पुडी होती, तिला मुंग्या लागल्या. पुडी मी काढली. सॅक कोणाला हवी असेल त्याने वर्षश्राद्धाला येताना सांगा, पण मी ती धुऊन देणार नाही.