बिनदोरीचा कारवानी आणि शॉकचा पट्टा

माणदेशी:
सांगोल्याजवळ आमची वस्ती आहे. दीड वर्षाचा कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आहे, वाघ्या. घरात गुणी, पोरांच्या अंथरुणात झोपतो. पण रानात सोडला आणि ससा उठला की संपलं. हाका मारून घसा बसतो, हा अर्ध्या तासाने जीभ काढून परत. मागच्या आठवड्यात तसाच हायवेवर गेला, टेम्पोवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचला. एक ट्रेनर म्हणतो, रिमोटचा शॉकपट्टा घाला, आठ दिवसांत सरळ होईल. मन घेत नाही. कुणी वापरलाय का?

विहिरीवरचा:
मी वापरलाय आणि पस्तावलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पट्ट्याला आतून धातूच्या दोन खुंट्या असतात. त्या कातडीला टेकल्या नाहीत तर झटका लागत नाही, म्हणून पट्टा आवळावा लागतो. कारवानीचे केस आखूड, कातडी पातळ. चौथ्या दिवशी काढला तर माझ्या शेरूच्या मानेवर दोन लाल व्रण, भोवतीचे केस गेलेले. त्या रात्री मी तोच पट्टा माझ्या मनगटाला लावून बटण दाबलं. मधल्या आकड्यावरच हात झटकला गेला.

पण खरं नुकसान वेगळंच झालं. शेरू सशामागे सुटला, मी बटण दाबलं. नेमकी त्याच क्षणी शेजाऱ्यांची मुलगी दुधाची किटली घेऊन बांधावरून येत होती. कुत्र्याला सशाचा आणि झटक्याचा संबंध कळला नाही, त्याने तो त्या पोरीशी जोडला. जी त्याला रोज भाकरीचा तुकडा द्यायची, तिच्यावर तो दुसऱ्या दिवशी गुरगुरला. ससा दिसला की मात्र पूर्वीसारखाच सुटायचा. शेकडो वर्षं ज्याला नजरेने हेरून धावायला वाढवलं, तो त्या वेगात वेदनेला जुमानत नाही.

मग जुनंच धरलं. दोन कासरे जोडून चाळीस फुटांची दोरी केली. ती गळ्याला नाही, छातीपट्ट्याला बांधायची, नाहीतर पळत गेला की मानेला हिसका बसतो. एक शिट्टी ठरवली. घरात, मग अंगणात, मग रिकाम्या रानात शिट्टी वाजली की उकडलेली कलेजी. इतर वेळी कलेजी नाही म्हणजे नाहीच. आणि आला की रागावायचं नाही, उशिरा आला तरी. मला पाच महिने लागले.

अजून एक. लहानपणी गंमत म्हणून "छू" केलं असेल तर ते आधी बंद करा. ससा मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि जबाबदार आपण.

कार्डिफची_मावशी:
मी वेल्समध्ये राहते. इथे शॉकपट्ट्यावर 2010 पासून बंदी आहे, आणि चारी बाजूंना मेंढ्यांचे कळप असूनही लोक कुत्री पाळतातच. मेंढ्यांजवळून जाताना दोरी लावतात, एवढंच. शेजारच्या इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठाने 63 कुत्र्यांवर केलेला अभ्यास 2020 मध्ये आला. बोलावल्यावर न येणारी कुत्रीच घेतली होती. शॉकपट्टा वापरणाऱ्या ट्रेनरना खाऊ-कौतुकाने शिकवणाऱ्यांपेक्षा सरस निकाल मिळाला नाही. मग त्या जीवाला वेदना द्यायची कशासाठी?

दीड वर्ष म्हणजे ऐन अवखळपणा. वाघ्याला अजून वेळ द्या. हायवे जवळ असेल तर बिनदोरीचा हट्ट धरू नका, कुंपण घातलेल्या रानात मनसोक्त पळू द्या.

माणदेशी:
"छू" आमच्या पोरांनीच शिकवलंय, उंदरांवर. आज बंद. कासरे गोठ्यात आहेतच. विहिरीवरचा, एक विचारू? शेरू आता त्या मुलीपाशी जातो का?

विहिरीवरचा:
जातो. ती रोज बांधावर लांब बसून भाकरी टाकायची, जवळ यायची घाई केली नाही. दोन महिन्यांनी हातातून घेतली. अजूनही किटलीचा आवाज आला की तो आधी थबकतो, मगच जातो.