त्रुटी 'दुरुस्त' केली की तिची 'दखल' घेतली?

टिळकवाडी, बेळगाव :
पोस्टग्रेस या डेटाबेसशी बोलणाऱ्या एका छोट्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) काय बदललं, ते मराठीत लिहून ठेवतोय. काल लिहिलं, 'राहून गेलेल्या त्रुटी दुरुस्त केल्या.' धाकटी बहीण म्हणाली, "दादा, त्रुटी सर्व्हर देतो. तू काय दुरुस्त केलंस?" तिचं बरोबर आहे. ट्रान्झॅक्शन (एकत्रच जतन व्हायच्या बदलांचा गट) मध्येच फसलं आणि तरी आपण कमिट, म्हणजे 'जतन कर', पाठवलं, तर पोस्टग्रेस तक्रार करत नाही. उत्तरात 'कमिट'ऐवजी 'रोलबॅक', म्हणजे 'सगळं मागे घेतलं', येतं, एवढंच. आमचा कोड ते उत्तर वाचतच नव्हता. नोंदी गेल्या आणि पडद्यावर 'जतन झाले'! आता वाचतो. याला काय म्हणायचं?

खानापूर :
'दखल घेतली' म्हणा. आपल्या भागात हा शब्द शिकवावा लागत नाही. मराठीत कागद मिळावा म्हणून ज्यानं अर्ज दिलाय त्याला विचारा. अर्ज पोचतो, शिक्का बसतो, वाचत कुणी नाही. तुमच्या कोडचं तेच झालंय.

शहापूर, बेळगाव :
दखल अरबी आहे. शिवरायांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी? 'लक्ष पुरवले' म्हणा.

खानापूर :
मग 'निगा राखली' चालेल? आजी गुरांची निगा राखायची, शेजारचे कानडी लोकही निगाच म्हणायचे. तोही फारसी 'निगाह'च की! दोन्ही भाषांत मुरलेल्या शब्दाला आता कुठल्या वेशीवर अडवणार?

निपाणी :
मला 'त्रुटी'च खटकते. वडील तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. वजन कमी भरलं की वहीत 'घट-तूट'. तिथं दोष कुणाचा हा प्रश्नच नसायचा. तूट, तुटणे, त्रुटी, सगळ्यांचं मूळ संस्कृत त्रुट्. युनिकचं बंधन (तेच मूल्य दोनदा नको) मोडलं, पोस्टग्रेसचा २३५०५ हा कोड आला, ती चूक. तीच नोंद तशीच पुन्हा पाठवून उपयोग नाही. पण कमिटचं उत्तर यायच्या आत कनेक्शन गेलं, तर ती तूट. नोंद झाली की नाही हे आपल्याला कळलेलंच नसतं, आधी बघून यावं लागतं. दोन्हींवर 'त्रुटी' लिहिलंत तर वाचणाऱ्यानं करायचं काय?

टिळकवाडी, बेळगाव :
हा फरक मी कोडमध्येही केला नव्हता. आज करतो. माझं वाक्य मात्र अजून अडलंय.

शहापूर, बेळगाव :
'चूक'सुद्धा तपासून घ्या. माझ्या मते ती 'च्युत'वरून आली.

निपाणी :
प्राकृतात 'चुक्क' सरळ सापडतो, च्युतपर्यंत ओढायची गरज नाही.

खानापूर :
पण घट आणि तूट एकच का? आमच्याकडे भात वाळून कमी झाला की घट. तूट पैशाची.

निपाणी :
वखारीतही वाळून गेलं ती घटच. मोजताना मिळालं नाही, ती तूट. वडिलांची वही माळ्यावर आहे, रविवारी काढून बघतो.