पत्र्याच्या शेडमधलं वर्कशॉप, उन्हासाठी आतून काय लावू?

शेडवाला_अकोला:
नमस्कार मंडळी. अकोल्याच्या बाहेर शेताच्या कडेला माझं वर्कशॉप आहे, २० बाय ४० फूट, लोखंडी पोलवर उभा शेड, वर पण पत्रा आणि चारी बाजूंनी पण पत्राच. मधे उंची १४ फूट. आत लेथ, ड्रिल, वेल्डिंग आणि एका कोपऱ्यात सुतारकाम. मार्च लागला की अकरानंतर आत उभं राहवत नाही, लाकडाला ग्लू लावून दुसरी पट्टी आणेपर्यंत पहिलीवर साय धरलेली असते. मागच्या मेमध्ये हाताखालच्या पोराला चक्कर आली, तेव्हापासून १२ ते ४ काम बंदच ठेवतो, पण मग धंदा कसा चालवायचा. दुकानदार म्हणतो ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) लाव, दुसरा म्हणतो बबल फॉइल (हवेच्या फुग्यांच्या प्लास्टिकवर चमकता थर), शेजारी म्हणतो थर्माकोल चिकटव स्वस्तात होईल. एसी नाही, एक मोठा कूलर आहे. खर्च टप्प्याटप्प्यानेच जमेल. काय करू?

फॅब्रिकेटर_नागपूर:
भाऊ, थर्माकोलचं नाव पण काढू नका, तुमच्याकडे वेल्डिंग आणि ग्राइंडर चालतो. माझ्या ओळखीच्या एका शेडमध्ये वर पर्लिनला (पत्रा ज्यावर स्क्रूने बसतो ती आडवी लोखंडी पट्टी) ब्रॅकेट वेल्ड करताना ठिणगी थर्माकोलच्या सांध्यात गेली, आधी नुसता वास आला, मग वितळलेले जळते थेंब खाली पडायला लागले, माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. स्प्रे करतात तो पफचा (पॉलियुरेथेन) फोम पण उघडा ठेवायचा नाही, जळाला की त्याचा धूर विषारी असतो. बबल फॉइलमधे पण प्लास्टिकच असतं, वेल्डिंगच्या टेबलाच्या वर छताला ते लावू नका. तेवढ्या भागात रॉकवूल (दगडाच्या तंतूंची गादी) किंवा ग्लासवूल घ्या, खालून जाळी मारून, ते पेट घेत नाही. कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, अंगाला फार खाजतं.

उन्हाळी_इंजिनिअर:
वरच्यांचं आगीबद्दल १००% बरोबर. आता गरमीचं बघू. मेच्या चौथ्या आठवड्यात अकोल्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर, आणि भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १ किलोवॅट ऊन पडतं. तुमचं छप्पर ७४ चौरस मीटर आहे, म्हणजे ७० हजार वॅटच्या पुढेच धरा, त्यातलं बरंच पत्रा शोषतो आणि मग तापलेल्या तव्यासारखा खाली तुमच्या डोक्यावर फेकतो. तुम्हाला भाजतं ते हवेपेक्षा या झळीने जास्त. म्हणून ऊन आत आल्यावर अडवण्यापेक्षा वरच परत पाठवा, पत्र्यावर पांढरा कूल रूफ पेंट दोन हात मारा. मी माझ्या शेडला मारला, बाहेर ४३ असताना पत्रा खालून ६६ दाखवायचा, पेंटनंतर ४९. सगळ्यात स्वस्त काम हेच आहे. फक्त धूळ बसते, दरवर्षी होळीच्या आसपास धुवून काढा. आणि वर चढताना स्क्रूच्या रांगेवरूनच चाला कारण खाली पर्लिन तिथेच असते, उजेडासाठीच्या पारदर्शक शीटवर चुकूनही पाय नको, माणूस सरळ खाली येतो.

दुसरं म्हणजे फॉइल. लोक पत्र्याला चिकटवून टाकतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. त्याला हवेची पोकळी लागते, निदान इंचभर. पर्लिनच्या खालून तार ओढून त्यावर लावा, वर आपोआप ३-४ इंच जागा राहते. एकाच बाजूला चमक असेल तर ती खाली करा, वर केली तर धुळीने दोन वर्षांत बाद.

शेडवाला_अकोला:
हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग ग्लासवूल घेऊच नको का? आणि कूलर लावला की आत नुसतं चिकचिक होतं त्याचं काय?

उन्हाळी_इंजिनिअर:
जाड ग्लासवूल किंवा पफ पॅनलचे पैसे वसूल होतात ते बंद खोलीत, एसी असेल तर. तुमचं शटर दिवसभर उघडं. फॅब्रिकेटर भाऊ म्हणाले तसं वेल्डिंगच्या वरच्या भागापुरतं ग्लासवूल घ्या, बाकी नको. चिकचिकीचं कारण म्हणजे कूलरची हवा बाहेर जायला वाट नाही. कूलर एका टोकाला, समोरच्या भिंतीत वर मोठा झरोका, आणि मोभावर दोन टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून आतली गरम हवा बाहेर काढणारे). आणि पश्चिमेच्या भिंतीबाहेर ग्रीन नेट ताणा, चार वाजताचं ऊन तिथूनच मारतं.

सुतार_सावंतवाडी:
एक भर घालतो, आमच्याकडे हे फार होतं. थंडीत रात्री पत्रा गार पडतो आणि पहाटे आतून घाम येतो, टपटप थेंब खाली. माझा सागवानाचा फळ्यांचा गठ्ठा असाच डागाळला. ग्लासवूल लावणार असाल तर खालून फॉइल लागलेलंच घ्या आणि सांधे टेपने नीट बंद करा, ओलं झालं की दबून जातं आणि उपयोग संपतो. त्याआधी स्क्रूचे वॉशर तपासा, गळका पत्रा झाकून ठेवला तर गळती सापडतच नाही.

शेडवाला_अकोला:
आज सकाळी वर चढून वॉशर बघितले, १९ कडक होऊन चिरलेत. ते बदलतो, मग पांढरा पेंट आणि पश्चिमेची नेट या महिन्यात, व्हेंटिलेटर पुढच्या महिन्यात, फॉइल त्यानंतर. थर्मामीटर पोराच्याच हातात दिलाय, तो रोज २ वाजता आकडा लिहून ठेवणार, इथे टाकतो.