लेहचा प्रवास, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि पक्षाघाताचा धोका

प्रश्न:
माझे वडील 64 वर्षांचे असून त्यांना उच्च रक्तदाब आहे. एलडीएल (म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल) 148 आल्याने डॉक्टरांनी त्यांना एटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन गटातील गोळी सुरू केली आहे. जूनमध्ये आम्ही विमानाने लेहला, म्हणजे सुमारे 3500 मीटर उंचीवर जाणार आहोत. उंचीवर रक्त दाट होते, असे ऐकल्याने मला पक्षाघाताची काळजी वाटते. या गोळीने स्नायू दुखतात, तेव्हा प्रवासापुरती ती बंद ठेवावी, असे नातेवाईक सुचवतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
मी फिजिशियन आहे. गोळी मुळीच बंद करू नका. रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचायला वर्षे लागतात. आठवडाभर उंचीवर राहिल्याने तो वाढत नाही, मात्र स्टॅटिनमुळे त्या थराला जे स्थैर्य मिळते ते आपण विनाकारण का गमवावे? चढउतारानंतर पाय दुखणे स्वाभाविक आहे; वेदना तीव्र असून लघवी गडद झाली, तर मात्र लगेच तपासणी करावी.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला कोलेस्टेरॉलपेक्षा रक्तदाबाची चिंता अधिक वाटते. ऑक्सिजन कमी मिळू लागला की पहिल्या काही दिवसांत तो अनेकांचा वाढतो. त्याच काळात लघवीवाटे आणि कोरड्या हवेतील श्वासोच्छ्वासातून पाणी जाऊन रक्तातील द्रवभाग घटतो, म्हणून रक्त दाट होते. तांबड्या पेशींची खरी वाढ त्यानंतर, काही आठवड्यांनी दिसते. निघण्यापूर्वी रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का हेही पाहा, आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र सोबत ठेवा.

उत्तर २:
उंची म्हणजे धोकाच, असे सरसकट म्हणता येत नाही. इक्वेडोरमधील मोठ्या अभ्यासात 2000 ते 3500 मीटरवर राहणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण उलट कमी आढळले. त्याहून वर मात्र हा लाभ काहीसा कमी झाला. अर्थात ती माणसे तिथेच वाढलेली, म्हणून हा निष्कर्ष पुण्याहून विमानाने पोहोचणाऱ्या ज्येष्ठांना जसाच्या तसा लागू करू नये. आपल्याकडे लष्करी डॉक्टरांनी अतिउंचीवर दीर्घकाळ तैनात असलेल्या तरुण जवानांमध्ये पक्षाघात आणि मेंदूच्या शिरांत गुठळ्या झाल्याच्या नोंदी केल्या आहेत. त्यांच्यात कोलेस्टेरॉलपेक्षा रक्ताचा दाटपणा हे कारण अधिक महत्त्वाचे मानले जाते.

उत्तर ३:
पहिले दोन दिवस लेहमध्ये केवळ विश्रांती घ्यावी. 5359 मीटरवरील खारदुंग ला लगेच गाठण्याचा मोह टाळावा. नुब्रा खोरे लेहहून कमी उंचीवर आहे, त्यामुळे तिथला मुक्काम सोपा जातो, पण नेहमीच्या रस्त्याने जाताना ती खिंड ओलांडावी लागते. पाणी पुरेसे प्यावे, मद्य टाळावे. डायमॉक्स हे उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे, विशेषतः सल्फाची ॲलर्जी असल्यास.

चेहरा एका बाजूला ओढला जाणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही दिसल्यास 'विरळ हवेचा त्रास असेल' असे समजून थांबू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवून थेट रुग्णालय गाठावे.